पुराच्या पिशवीतला घास

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांना टेकली की धोका. नदीकाठच्या घरांत हे आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरते, ग्रामपंचायतीचा माणूस दार वाजवतो आणि घर सोडायला कधी दोन तास मिळतात, कधी वीस मिनिटे. त्या वेळात हाताला लागते ते बहुधा ठरलेले असते: कागदपत्रांची फाइल, दागिने, मोबाइल आणि चार्जर, औषधे, मुलांचे कपडे. खाण्याचे शेवटी आठवते, किंवा आठवतच नाही. ‘तिथं जेवायची सोय असते की’ असे म्हणून दाराला कुलूप लागते.

हे म्हणणे चूक नाही. आपल्याकडे शाळेत किंवा मंगल कार्यालयात माणसे पोहोचली की गावातली मंडळे, तालमी, मठ, गुरुद्वारे, मशिदी, सगळी कामाला लागतात. खिचडीचे पातेले चुलीवर चढायला फार वेळ लागत नाही. प्रश्न त्या पातेल्यापर्यंत पोहोचण्याच्या वेळेचा आहे. घर सोडल्यापासून पहिला गरम घास हातात पडेपर्यंतचा हा काळ कधी सहा तासांचा असतो, कधी दोन दिवसांचा. पिशवीतले अन्न याच काळासाठी असते, आणि ते निवडताना हा काळ कसा जातो ते आधी डोळ्यांसमोर आणायला हवे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या पुष्कळ घरांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानली. तेव्हा पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते, म्हणजे आताही तिथेच थांबेल, असा हिशेब होता. पाणी ती खूण ओलांडून गेले आणि माणसे माळ्यावर, गच्चीवर अडकली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, अनेक दिवस बंद राहिला. कोल्हापुरात बाहेरून माल येईना आणि महामार्गावर ट्रकचालक गाडीतच बसून राहिले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बघता बघता बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि वरच्या मजल्यावर माणसे, अशी कितीतरी घरांची स्थिती झाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तिथे तर इशारा मिळण्याचीही वेळ नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लाखो मुंबईकरांनी रात्र लोकलमध्ये, बसमध्ये, कचेरीत काढली. त्यांच्याजवळ होते तेवढेच, सकाळच्या डब्यातून उरलेले.

पुराच्या या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. चारी बाजूंना पाणी असते आणि पिण्याजोगे पाणी नसते. सरपणही नसते, गॅस खाली बुडालेला असतो आणि हात धुवायची सोय नसते. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे: पिशवीतल्या अन्नाची पहिली कसोटी ते किती दिवस टिकते किंवा किती उष्मांक देते ही नव्हे. ते किती पाणी मागते, ही पहिली कसोटी. शिजवायला, भिजवायला, भांडे धुवायला आणि खाल्ल्यावर लागणारी तहान भागवायला.

या कसोटीवर बाहेरच्या याद्या घासून पाहू. अमेरिकेतल्या सरकारी याद्या माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर पाणी साठवा असे सांगतात. सोबत डबाबंद मासे, डबाबंद भाज्या, शेंगदाण्याचे लोणी आणि हे डबे उघडायला हाताने चालणारे यंत्र. दारात मोटार उभी असलेल्या घरासाठी हा हिशेब ठीक आहे. चौघांचे तीन दिवसांचे पाणी या मापाने ४५ किलो भरते. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावातून बोटीत चढणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असते. ती ४५ किलो कुठून उचलणार? बोटीत तेवढे ओझे घ्यायचीही मुभा नसते आणि नसावीच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ती जखम सांगली जिल्हा अजून विसरलेला नाही. सामान वाढवणे म्हणजे एका माणसाची जागा अडवणे.

जपानची पद्धत आपल्याला अधिक जवळची आहे. भूकंपाच्या या देशात घराच्या दाराशी पाठीवरची पिशवी भरून ठेवतात आणि दरवर्षी १ सप्टेंबरला, म्हणजे १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मृतिदिनी, आपत्तीची रंगीत तालीम होते. त्यांच्या पिशवीत ‘कानपान’ नावाची कडक बिस्किटे असतात. त्यांच्या डब्यात काही ठिकाणी खडीसाखर घालून देतात, कारण कोरडे बिस्किट घशाखाली उतरायला तोंडाला लाळ सुटावी लागते. दुसरा पदार्थ म्हणजे शिजवून वाळवलेला ‘अल्फा भात’. त्यात गरम पाणी घातले की पंधरा मिनिटांत आणि थंड पाणी घातले तर तासाभरात भात तयार होतो. तांदळातला स्टार्च एकदा शिजून मऊ झाला आणि तसाच झटपट वाळवला की पुन्हा आचेची गरज उरत नाही, हे त्यामागचे शास्त्र.

हे वाचताना मराठी माणसाला आपल्या घरातल्या डब्याची आठवण यायला हवी. भात भिजवून, भाजून, कांडून चपटा केला की पोहे होतात. त्यांचाही स्टार्च आधीच शिजलेला असतो. पातळ पोह्यांवर पाण्याचा नुसता हबका मारला, गूळ-खोबरे घातले की आचेशिवाय जेवण तयार. कोकणात दडपे पोहे वर्षानुवर्षे असेच होतात. जपानने कारखान्यात जे केले ते आपल्या कांडपावर शतकानुशतके होत आले आहे, आणि तरीही शहरातल्या दुकानात ‘आपत्कालीन अन्न’ म्हणून आयात केलेली पाकिटे शोधणारी माणसे मला भेटतात, याचे वाईट वाटते.

तिसरा धडा समुद्रावरचा आहे. जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जीवनौकेत माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे सुमारे २,४०० किलोकॅलरी अन्न आणि तीन लिटर गोडे पाणी ठेवावे लागते. हे अन्न म्हणजे मैदा, साखर आणि वनस्पती तूप दाबून केलेल्या वड्या. त्यांत प्रथिने मुद्दाम कमी ठेवलेली असतात, कारण प्रथिने पचल्यावर तयार होणारा युरिया बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी खर्च करावे लागते. मीठही बेताचे. चार दिवस अर्धपोटी राहून माणूस मरत नाही, पाण्यावाचून मरतो, हे या वड्यांच्या घडणीत दिसते.

आपले राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही कोरडे, न नासणारे, तयार अन्न आणि पाणी बरोबर घ्या असे सांगते. सूचना बरोबर आहे, पण ‘कोरडे अन्न’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक प्रांताने आपल्या स्वयंपाकघरात शोधायचे असते.

आता आपला डबा उघडू. सगळ्यात वर मी दाणे-गुळाचा लाडू ठेवीन. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ५६५ किलोकॅलरी, गुळात सुमारे ३८०, म्हणजे दोन्ही सारखे घेतले तर लाडवाला ४७० च्या आसपास पडतात. कुपोषित मुलांसाठी जगभर दिली जाणारी शेंगदाण्याची पेस्ट १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली, तिचाही पाया शेंगदाणा, साखर, तेल आणि दूध पावडर हाच आहे. आपला लाडू तिची बरोबरी करत नाही, तिच्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे मोजून घातलेली असतात. पण दोन दिवसांच्या गरजेला लाडू पुरून उरतो. चिक्कीपेक्षा लाडू बरा, कारण पावसाळी हवेत चिक्कीला पाणी सुटते, ती कागदाला चिकटते आणि कवळी लावणाऱ्या आजोबांना चावतही नाही.

त्याच्या शेजारी खजूर. बी काढून दाबलेला खजूर मुलेही खातात आणि वृद्धही. तासगावकडचे बेदाणे तर घरचेच. फुटाणे उत्तम, पण घसा कोरडा करतात, म्हणून खजुराबरोबर. राजगिऱ्याचे लाडू हलके आणि जिभेवर विरघळणारे. आणि मोठे पूर बहुधा आषाढ-श्रावणातच, म्हणजे उपासांच्या दिवसांतच येतात. २०२१ चा चिपळूणचा पूर आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी आला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे सोमवार-शनिवारचे उपास शिबिरातही सुटत नाहीत, आणि तिथली खिचडी त्यांना चालत नाही. खजूर, दाणे आणि राजगिरा या तिन्ही गोष्टी उपासाला चालतात. सरकारी यादीत ही अडचण कधीच दिसणार नाही, ती घरातल्या सुनेलाच ठाऊक असते.

पोळीच्या जातीत दशमी सर्वांत शहाणी. दुधात कणीक मळून, तूप लावून खरपूस भाजलेली दशमी दोन दिवस सहज जाते, पण ती आयत्या वेळी करावी लागते, म्हणून ज्यांना काही तासांचा इशारा मिळतो त्यांच्यासाठीच. सोलापूरकडची कडक भाकरी कोरडी ठेवली तर कितीतरी आठवडे टिकते. ती शेंगांच्या चटणीबरोबर खातात आणि तिथेच पाणी मागायला लागते. चुरून दह्या-दुधात खायची ती भाकरी, नुसती खायला दात हवेत. खाकरा मात्र चालेल.

सातूच्या पिठाबद्दल माझे मत द्विधा आहे. भाजलेले गहू आणि डाळ, सोबत गूळ, म्हणजे पोषण उत्तम आणि वजन कमी. पण ते कालवायला स्वच्छ पाणी हवे. त्यावर उपाय सोपा आहे: घरीच तुपात-गुळात त्याचे लाडू वळून ठेवायचे, थोडे पीठ सुटे ठेवायचे. पाणी मिळाले की सुटे पीठ कामाला येते, कारण ते पाणी आपण पिणारच असतो.

भडंगाबद्दल लिहिताना मन थोडे जड होते. जयसिंगपूर-सांगलीच्या घरात भडंगाचा डबा नसतो असे होत नाही, आणि हाताला सगळ्यांत आधी तोच लागतो. पण चुरमुरे जागा खूप अडवतात, पिशवीभर भरले तरी एका माणसाचे धड जेवण होत नाही. वर तिखट-मीठ आणि लसूण, म्हणजे तहान. फरसाण, चिवडा, लोणची, पापड या सगळ्यांची तीच गत. एखादे छोटे पाकीट घ्यावे, गोडाने तोंड किळसते तेव्हा चार दाणे खारट लागतातच आणि घामाने गेलेले मीठ थोडे भरून निघते. मुख्य भिस्त त्यावर नको. झटपट शेवयांच्या पाकिटांनाही मी मागे ठेवीन. त्या आधीच तळलेल्या असल्याने कोरड्या खाता येतात, मुले आवडीने खातातही, पण त्यांच्या मसाल्यात मीठ फार असते. मसाल्याची पुडी घरीच ठेवून यावे.

म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केलेल्या तंत्रातून पुढे बाजारात तयार भाजी-भाताची जाड पाकिटे आली. पाकिटातच उच्च तापमानाला निर्जंतुक केल्याने ती फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकतात. पाकिटावर गरम करा असे लिहिलेले असले तरी आतले अन्न शिजलेलेच असते, थंडही खाता येते. त्यांच्यात पाणी असल्याने ती जड होतात आणि उष्मांक कमी पडतात, पण ते पाणी पोटातच जाते. चालता न येणाऱ्या, कोरडे गिळता न येणाऱ्या माणसासाठी दोन पाकिटे घ्यावीत. सगळ्या कुटुंबासाठी नकोत.

किती घ्यायचे? मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी धरतात. तो हिशेब आठवडेच्या आठवडे शिबिर चालवणाऱ्यांचा आहे. पाठीवरच्या पिशवीसाठी माणशी दिवसाला १,४०० पुरेत, आणि दोन दिवस धरावेत. चौघांना सुमारे ११,००० लागतील. त्यात दाणे-गुळाचे लाडू ६०० ग्रॅम, खजूर अर्धा किलो, सातूचे लाडू आणि पीठ मिळून अर्धा किलो, ग्लुकोज बिस्किटे अर्धा किलो, फुटाणे ४०० ग्रॅम आणि खाकरे ३०० ग्रॅम, असे २,८०० ग्रॅमच्या आसपास वजन होते. एका खांद्याला हे पेलते. ते सगळे एकाच पिशवीत मात्र ठेवू नये. बोटीत बाप एकीकडे आणि मूल दुसरीकडे असे होते. प्रत्येकाच्या खिशात किंवा छोट्या पिशवीत दोन लाडू आणि एक बिस्किटांचा पुडा हवाच.

पाणी माणशी एक ते दोन लिटर, तेवढेच उचलवते. त्यापुढच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा आशाताईंकडे मिळणारी मेडिक्लोरची बाटली ठेवावी. गढूळ पाणी आधी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यायचे, मग लेबलवरच्या मापाने औषध घालून अर्धा तास थांबायचे. पण लोटे किंवा महाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला पुराच्या पाण्यात रसायने असू शकतात आणि क्लोरीनने ती जात नाहीत. तिथे गच्चीवर स्वच्छ पातेल्यात धरलेले पावसाचे पाणी केव्हाही बरे. जुलाब लागले तर क्षारसंजीवनीची पाकिटे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन कमी पडल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून माणसे वाचवली. ते तंत्र आज काही रुपयांच्या पाकिटात मिळते, पिशवीत चार तरी असावीत. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

लहान मुलांचा भाग मी वेगळा काढतो, कारण इथली चूक जिवावर बेतते. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचेच दूध द्यावे. धावपळीत, भीतीने दूध आटले असे वाटते, पण बाळाला वारंवार पाजत राहिले की ते येत राहते. अशा वेळी आईच्या तोंडात घास आणि घशात पाणी आधी जायला हवे. मदत म्हणून येणारे पावडरचे डबे अशा ठिकाणी घातक ठरतात, कारण ते कालवायला उकळलेले पाणी नाही आणि बाटली धुवायची सोय नाही. ज्या बाळाला आधीपासून वरचे दूध चालू आहे त्याच्यासाठी मात्र नेहमीची पावडर, उकळलेले पाणी आणि वाटी-चमचा घरूनच निघावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी दाण्याचे कूट घातलेला मऊ लाडू करावा.

मधुमेहाच्या माणसाचा धोका आपण उलटा समजतो. ‘गोड नको’ म्हणून त्याला बाजूला ठेवतात, आणि त्याने सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते. जेवण चुकले की साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धही जाऊ शकते. त्याच्याजवळ ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखरेची पुडी असलीच पाहिजे, आणि रोजच्या घासासाठी फुटाणे, दाणे आणि खाकरे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला उलट खजूर आणि बेदाणे जपून द्यावेत, त्यात पोटॅशियम फार. डायलिसिसवर असलेल्यांनी आपली आपत्तीतली यादी डॉक्टरांकडून पावसाळ्याआधीच लिहून घ्यावी.

टिकवण्याबद्दल एवढेच की पावसाळी दमटपणा हा पुराइतकाच शत्रू आहे. ओलसर दाण्यांना बुरशी लागते आणि काही बुरशींत यकृताला घातक विष तयार होते. वास कडवट आला की दाणे टाकूनच द्यावेत, पुन्हा भाजून वापरू नयेत. कोरड्या वस्तू छोट्या छोट्या घट्ट पुड्यांत बांधाव्यात, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या वाचतात. स्टीलचा डबा जड असतो, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी हलकी, आणि रिकामी झाली की तीच पाणी धरायला येते. मिरगाच्या आधी, आगोटीच्या सामानाबरोबरच पिशवी भरावी, गौरी-गणपतीत ती फोडून घरात खाऊन टाकावी, कारण तोवर मोठ्या पुराचा हंगाम बहुधा सरत येतो. परतीच्या पावसाची धास्ती असलेल्यांनी दसऱ्यापर्यंत पुन्हा भरून ठेवावी. घरात रोज खाल्ले जाते तेच पिशवीत असले की काही वाया जात नाही.

हे सगळे ज्यांच्या घरी महिन्याचे वाणसामान एकदम भरले जाते त्यांच्यासाठी झाले. पूररेषेतल्या कितीतरी घरांत आजचे आजच येते. त्यांना दाणे-खजूर बाजूला काढून ठेवा म्हणणे शोभत नाही. २०१९ मध्ये सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ दिले. धान्य हवेच होते, पण गव्हाला गिरणी लागते, तांदळाला चूल आणि पाणी लागते, आणि ज्यांना ते मिळाले त्यांची चूल चिखलाखाली होती. तयार अन्न वाटण्याची वेळ पाणी उतरल्यावरची नव्हे, चढण्याआधीची. गावोगावच्या बचत गटांना लाडू वळायला कुणी शिकवायची गरज नाही. ज्या गावांना दर पावसाळ्यात स्थलांतराच्या नोटिसा जातात त्यांच्या याद्या तहसील कचेरीत असतात. शिरोळ, पलूस, चिपळूण, महाड या तालुक्यांत मे महिन्यातच बचत गटांकडून दाणे-गुळाचे आणि सातूचे लाडू करून घ्यावेत, आणि नोटिशीबरोबरच प्रत्येक घराला दोन किलोचे पुडके आणि मेडिक्लोरची बाटली द्यावी. याला नवी योजना लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या मान्सूनपूर्व बैठकीत बोटी, लाइफ जॅकेट आणि दोरखंडांची मोजणी होते, त्याच कागदावर या पुडक्यांची एक ओळ वाढवावी लागेल.